बेसिनमध्ये ओतण्याआधी सहा मिली पाणी मोजा

रागावू नका, पण तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. "नऊ वर्षं मुरलेली अमेरिकन व्हिस्की, 66 टक्के अल्कोहोल, वर 'लाइट' लिहिलंय म्हणून घेतली. पहिल्याच घोटाला नेलपॉलिश रिमूव्हर, जीभ बधिर, रंगही फिका. दुकानदाराने गंडवलं का? बेसिनमध्ये ओतू का?" सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच विचारत फिरत होतो. ओतली मात्र नाही. त्याहून वाईट केलं, ते खाली सांगतो.

गंडवलेलं नाही. 'लाइट' म्हणजे सौम्य, हा आपला समज. तिथल्या कायद्यात हा व्हिस्कीचा एक प्रकारच आहे, 1968 साली आणलेला. लोक व्होडकाकडे वळायला लागले होते, तेव्हा तसलंच काहीतरी हलकं आपणही विकावं, हा हेतू. ती 160 ते 190 प्रूफपर्यंत, म्हणजे 80 ते 95 टक्क्यांपर्यंत ऊर्ध्वपातित करतात, त्यामुळे धान्याचा जडपणा बराचसा मागे राहतो. हलकी असते ती चव. बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांच्या वर असून चालत नाही. हिला ते बंधन नाही, म्हणून हे असले आकडे. बर्बनला आतून जाळलेलं कोरं ओक पीप लागतं, हिला वापरून झालेलं चालतं. रंग, व्हॅनिला, कॅरमेल हे सगळं पहिल्या खेपेलाच बर्बनने ओढून घेतलेलं असतं. वापरलेल्या पत्तीचा दुसरा चहा समजा. नऊ वर्षांनीही रंग गवती राहिला, तर त्यात खोट नाही.

मग चाखायचं काय? माझ्या नाकाला तरी खोबऱ्याची वडी, बटरस्कॉच आणि जत्रेतले म्हातारीचे केस. हे सगळं आहे, पण अल्कोहोलच्या भिंतीआड. बर्बनसारखी चाखलीत तर निराशाच होणार.

ग्लास, हुंगणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. फक्त नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून लांबून वास घ्या. ओतल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. पहिला घोट पाव चमचा. तो चवीसाठी नसतोच, जिभेला वर्दी द्यायला असतो. मत दुसऱ्यावर.

आता पाणी. माझी सगळी चूक इथे झाली. दिवाळीला चार कुटुंबं घरी येणार होती. बाटली निम्मी उरलेली, साधारण 375 मिली. म्हटलं, रोजच्या व्हिस्कीच्या पातळीला आणून ठेवू, म्हणजे सगळ्यांना झेपेल. हिशेब केला, 43 टक्क्यांसाठी 200 मिली पाणी. नळाचं! तेही बाटलीतच ओतलं आणि बाटली गॅरेजमध्ये ठेवली. ओहायोची थंडी. सकाळी बघतो तर आत ताकाची निवळी. ती व्हिस्की बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळलेली नव्हती. अशा व्हिस्कीतले तेलकट अंश 46 टक्क्यांच्या खाली आणि गारठ्यात वेगळे होऊन ढगाळ दिसतात. अपाय काही नाही, पण पाहुण्यांना कोण समजावणार? चवीला तर साखरेचं पाणी, वर क्लोरीनचा दर्प. एक मित्र म्हणाला, "ही औषधाची बाटली विसळलीस का?"

मी ती बाटली घेऊन दुकानात गेलो. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला तीन ईमेल. दोनदा आपोआप येणारं "आपला अभिप्राय मोलाचा आहे" आलं, तिसऱ्यांदा जबाबदारीने प्या असा सल्ला. "पाणी घातलंत का?" एवढं एका माणसाने विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. (मीही आपणहून सांगितलं नव्हतं, हे कबूल.) ढगाळपणाचं कारण मला पुढे दीड वर्षाने कळलं, आणि तोवर त्या खेपेची बाटली दुकानातून संपलेली होती.

तेव्हा पाणी नेहमी ग्लासात, बाटलीत कधीच नाही. लहान मुलांना औषध पाजायची सिरिंज घ्या. तुमच्या 66 टक्क्यांच्या 30 मिलीत 3 मिली पाणी घातलं की 60 टक्के, 6 घातलं की 55, जवळपास 10 घातलं की 50. एकेक मिली घालत चाखा. बर्बनच्या अंगात ओक असतो, तो पाणी सोसतो. हिच्यात आधाराला फारसं काही नाही, 50 च्या खाली ती एकदम बसते. मला 55 ला खोबरं सगळ्यात स्पष्ट लागतं. हे माझं मत, तुमची जीभ वेगळी असेल. पाणी गाळलेलं किंवा विकतचं. बर्फ नको, गार झालं की वास मिटतो. आणि सोबत झणझणीत चिवडा तर नकोच, खारे शेंगदाणेसुद्धा नंतर.

जाता जाता, भारतात न्यायचा विचार असेल तर लेबलवरचा आकडा नीट वाचा. अमेरिकेच्या नियमानुसार 70 टक्क्यांवरची दारू विमानात अजिबात चालत नाही, ना हातात ना सामानात. त्याखालची सीलबंद आणि सामानात टाकून. मुंबईत उतरल्यावर ड्यूटीविना दोन लिटर. मी कस्टम्सवाला नाही, निघण्याआधी ताजे नियम बघा. अ‍ॅसिडिटी असेल तर हे सगळं प्रकरणच सोडा, आणि गाडी चालवायची असेल तर पाव चमचासुद्धा नको.

लेबलवर 66 च्या पुढे दशांशात काही आहे का, ते कळवा, मिलीचा हिशेब नेमका करून देतो. माझी ती ढगाळ बाटली अजून कपाटात आहे. बायको त्यात बेदाणे भिजवते, केकसाठी.