पंच्याऐंशी हजारांची कुऱ्हाड

दापोली तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. वय ६२, पेन्शन व्यवस्थित, डोक्यावर कर्ज नाही. घरामागे आंबा-काजूची जुनी बाग, पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. आंघोळीचं पाणी बंबावर, पाहुण्यांचं जेवण चुलीवर ("तेच तर खायला येतात लोक"). वर्षाला साधारण चार टन लाकूड जळतं. इतकी वर्षं फोडायला येणारा गडी गुडघ्यांमुळे थांबला. यंदा मे महिन्यात दुसरा कोणी मिळाला नाही, सरांनी स्वतः कुऱ्हाड धरली आणि आठ दिवस कंबर धरून बसले. आता त्यांनी लाकडं फोडायच्या हायड्रॉलिक मशीनचं कोटेशन आणलंय : तीन एचपीची सिंगल फेज मोटर, जीएसटी धरून ८५,००० रुपये. दुकानदार २४ हप्त्यांतही द्यायला तयार आहे, महिना ४,३००. घेऊ का, आणि घेतलं तर हप्त्यावर की ठेव मोडून, असा प्रश्न आहे.

सर, नमस्कार.

आधी हप्त्याचं संपवू, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. ४,३०० गुणिले २४ म्हणजे १,०३,२००. वरचे १८,२०० रुपये व्याज. दुकानदार म्हणेल, दोन वर्षांचे १८,२००, म्हणजे वर्षाला पावणेअकरा टक्केसुद्धा नाही. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. शेवटच्या वर्षात बहुतेक महिने तुमच्याकडे त्याचे निम्म्याहून कमी पैसे उरलेले असतात, व्याज मात्र पूर्ण ८५ हजारांवर लावलेलं असतं. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. ठेवीवर सात टक्के मिळवणाऱ्या माणसाने साडेएकोणीस टक्क्यांनी उसने घेऊ नयेत.

आता मशीन. तुमच्याच आकड्यांवर जातो.

गडी होता तेव्हा फोडून मांगरात (लाकडं ठेवायच्या खोपीत) रचून द्यायला त्याला बारा दिवस लागायचे. रोज ६००, वर चहा-जेवणाचे शंभर धरा. वर्षाचे ८,४००.

मशीन दहा वर्षं चालेल आणि शेवटी वीस हजारांना जाईल असं मी धरतो, म्हणजे थोडं उदारपणेच धरतो. ६५ हजारांची झीज, वर्षाला ६,५००. अडकलेल्या पैशावरचं व्याज पूर्ण रकमेवर न धरता सरासरीवर धरलं, म्हणजे साडेबावन्न हजारांवर सात टक्के, तर ३,६७५. तेल, सील, होज यांचे सरासरी २,०००. एक काटकीही फोडली नाही तरी मशीन वर्षाला १२,१७५ रुपये खाणार. त्यावर वीज : वीस तास चाललं तर ४४ युनिट, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. आणि मशीन ओंडके उचलत नाही, फोडलेलं रचतही नाही. हाताशी चार दिवस माणूस लागेलच, त्याचे २,८००. बेरीज १५,४२५.

म्हणजे ८,४०० चं काम १५,४२५ मध्ये. वर्षाला सात हजारांचा तोटा.

तोटा ऐकून लगेच वही मिटू नका, कारण यातला कोणता आकडा हलला की उत्तर बदलतं हे बघण्यात खरी गंमत आहे. चार टनांमागे मशीन तुमची मजुरी ५,१५० रुपयांनी कमी करतं. वर्षाचा बसून खाण्याचा खर्च १२,१७५. तो भरून निघायला साधारण साडेनऊ टन लाकूड फोडावं लागेल. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानं तुमच्या बाजूच्या बागा झोपवल्या, तेव्हा हेच पत्र आलं असतं तर त्या वर्षापुरतं माझं उत्तर वेगळं झालं असतं. पण वादळाच्या वर्षाचा हिशेब दहा वर्षांच्या खरेदीला लावायचा नसतो.

दुसरा आकडा मजुरीचा. चार टनच फोडायचे असतील, तर रोज चौदाशे-पंधराशेवर गेल्याशिवाय मशीन परवडत नाही. तुम्ही ६०० देत होता. उद्या ९०० द्या म्हटलं, तरी बारा दिवसांचे जेवणासकट १२,००० होतात आणि मशीनपेक्षा सव्वातीन-साडेतीन हजार वाचतात. (९०० मध्ये मशीनबरोबरचा मदतनीसही महागणार, तेव्हा तफावत त्याहून थोडी जास्तच.)

इथे तुम्ही म्हणाल, पैशाचा प्रश्न नाहीये, माणूसच मिळत नाही. पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच आहे, आणि त्यात "मे महिन्यात" हे दोन शब्द आहेत.

मे महिन्यात कोकणात कोण मोकळं असतं? आंबा उतरवायचा असतो, पेट्या भरायच्या असतात, घरं शाकारायची, शेत भाजायचं. प्रत्येक घरात आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी चाललेली. आणि नेमकं तेव्हाच आपण लाकडं फोडायला माणूस शोधतो, कारण आपल्या वाडवडिलांनी तेव्हा फोडली. भातकापणी उरकली की मार्गशीर्ष-पौषात दिवस मोकळे असतात. तेव्हा माणूस शोधा, आणि रोजावर नाही, उक्तं द्या. इतकी लाकडं फोडून मांगरात रचली की इतके पैसे.

याला दुसरीही बाजू आहे, ती पैशाचीच आहे पण रुपयांत दिसत नाही. बहुतेक जातींचं लाकूड ओलं असतानाच सहज फाटतं. सात-आठ महिने पडून वाळलेल्या आंब्याच्या गाठीवर कुऱ्हाड घालणं म्हणजे काय ते तुमच्या कंबरेला विचारा. शिवाय सालीच्या आत बंद असलेला ओंडका आतून लवकर सुकत नाही, फोडलेलं फाटं सुकतं. ताज्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं लाकूड किलोमागे चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या निम्म्याच्या आसपास उष्णता देतं, आणि उरलेला वेळ धूर देतं. डिसेंबरात फोडलेल्याला पावसाआधी पाच महिन्यांचं ऊन मिळतं. मेमध्ये फोडलेलं ओलसरच मांगरात जातं आणि श्रावणात बंबाशी भांडतं. तुम्ही अधूनमधून बाहेरून वजनावर लाकूड घेता असं लिहिलंय, तर तेही वाळलेलंच घ्या. नाहीतर लाकडाच्या भावाने पाणी विकत घेताय.

ओंडके फूटभराचेच कापून घ्या, असंही सुचवतो. झाडं तोडणारा चेनसॉवाला येतोच, तेव्हाच त्याला सांगायचं. दोन फुटी ओंडका आणि एक फुटी ओंडका यांच्या फाटण्यात दुप्पट नाही, त्याहून बराच जास्त फरक असतो. गाठीच्या बुंध्यांसाठी लोखंडी पाचर आणि घण. गावचा लोहार करून देईल.

भाड्याने देण्याचा विचार पत्राच्या शेवटी हळूच आलाय. तो मी हिशेबात धरलेला नाही, मुद्दामच. माझ्या मेव्हण्याने चार घरांत मिळून पेट्रोलवरचं गवत कापायचं यंत्र घेतलं होतं. वापर वर्षातून तीन आठवडे. अकरा महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चिकटला, आणि तो कोणाच्या घरी असताना चिकटला यावर आजही एकमत नाही. तुमचं मशीन विजेचं आहे, ती भानगड नाही. पण शंभरहून अधिक किलोचं धूड पाखाडीच्या पायऱ्यांवरून खालच्या वाडीत कोण नेणार? लोकांनी ओंडके तुमच्या खळ्यात आणायचे म्हटलं तर तेवढ्या टेम्पोभाड्यात त्यांना गडी मिळेल. फोडलेली लाकडं विकायचं मनात असेल तर आणखी थांबा. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात येतात, स्वतःच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते. बंबापुरती काजूची फांदी आणि लाकडाचा धंदा यात फरक आहे.

तरी वाडीतली दोन-तीन होमस्टेवाली घरं खरोखर एकत्र आली, सगळ्यांचं मिळून दहा-बारा टन होत असेल, घरं रस्त्याला लागून असतील, तर मात्र घ्या. मग आकडे तुमच्या बाजूने येतात. दुरुस्तीचा खर्च कोण देणार ते मशीन आणण्याआधी कागदावर लिहा. आणि घेण्याआधी महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते पाहा. तीन एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना बराच जास्त करंट ओढते, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना ती नुसती घुरघुरत तापेल.

८५ हजार बाजूला काढायची तयारीच आहे, तर त्यातले निम्मे दुसरीकडे लावा असं मी म्हणेन. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण तीन युनिट उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात चार युनिट असतात खरी, पण बंबातून त्यातली बरीच धुराड्याने निघून जाते. दोनशे लिटरचा सोलर हीटर ऑक्टोबर ते मे हे काम फुकट करेल, आणि तुमच्या खोल्या नेमक्या त्याच महिन्यांत भरलेल्या असतात. माझा अंदाज, चार टनांचे अडीच होतील. पावसात बंब आहेच. सगळं ठरवण्याआधी गच्चीवर की कौलावर, टाकी किती उंच, हे प्लंबरला दाखवून दोन कोटेशन घ्या. चाळीस हजारांच्या पुढे जात असेल तर मला पुन्हा कळवा.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात बसत नाही, ती तुमची कंबर. माणूस मिळाला नाही तर तुम्ही पुन्हा कुऱ्हाड उचलणार, हे तुमच्या अक्षरावरूनच दिसतंय. डॉक्टरांनी नको म्हटलं असेल आणि डिसेंबरात उक्तं देऊनही कोणी फिरकलं नाही, तर सात हजार वर्षाला घालवा आणि मशीन घ्या. तोट्यात आहे हे माहीत असून घेतलेली वस्तू आणि फायद्याची समजून घेतलेली वस्तू, यांत पहिली मला चालते.

ठेवीचं विचारलंय : फेब्रुवारीत मुदत संपते असं लिहिलंय, मग आत्ता मोडू नका, बहुतेक बँका मुदतपूर्व मोडीला व्याजात कपात करतात. तसंही उक्त्याचा माणूस शोधायला तुम्हाला जानेवारी उजाडणारच. तोवर एक करा, मांगरात वजनकाटा टांगून महिनाभर रोजचं लाकूड मोजा. चार टन हा आकडा तुमचा अंदाज आहे, आणि माझं सगळं गणित त्याच एका अंदाजावर उभं आहे.