डोळ्यांना दिसणारी नौका ‘स्टेल्थ’ कशी?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. मुंबईच्या सहलीत आम्ही नौदलाची एक राखाडी युद्धनौका पाहिली. ती स्टेल्थ जातीची असल्याचे आमच्या सरांनी सांगितले. लांबूनही सहज दिसणारी एवढी मोठी नौका शत्रूपासून लपते कशी? आणि ती लपत असेल, तर तिला शोधणे अशक्यच असते का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘अदृश्य युद्धनौका’ हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा असून तो वापरातून जावा, असे मला मनापासून वाटते. समुद्रावर शत्रू नौकेचा माग काढतो तो मुख्यतः विमानातील वा नौकेवरील रडारने, क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसवलेल्या शोधकाने आणि पाण्याखाली पाणबुडीच्या सोनारने, म्हणजे आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राने. स्टेल्थची सारी रचना या यंत्रांना हुलकावणी देण्यासाठी असते, डोळ्यांना नव्हे.

सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर काढून जवळून पाहा. त्याच्या आत एकमेकांना काटकोनात भिडणाऱ्या तीन-तीन पृष्ठांचे बारीक कोपरे दाटीने बसवलेले असतात, आणि अशा कोपऱ्यात शिरलेला प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. म्हणून मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात तो लखलखतो. जुन्या युद्धनौका रडारच्या दृष्टीने नेमक्या अशाच होत्या, कारण उभ्या भिंती, त्यांना काटकोनात मिळणारे डेक, कठडे, लटकत्या होड्या आणि उघडे डोलकाठीचे सांगाडे यांतून असे कोपरे जागोजागी तयार होत. १९९६ मध्ये फ्रेंच नौदलात दाखल झालेल्या ‘ला फायेत’ या फ्रिगेटपासून (मध्यम आकाराच्या युद्धनौकेपासून) चित्र ठळकपणे बदललेले दिसते. रडारलहरी आल्या वाटेने न परतता भलतीकडे वळाव्यात म्हणून भिंती तिरक्या झाल्या, होड्या झडपांआड गेल्या, डोलकाठी बंदिस्त झाली. आता तर क्षेपणास्त्रेही बहुधा डेकखालच्या उभ्या कप्प्यांत ठेवतात. काही ठिकाणी रडारलहरी शोषणारा लेपही देतात, पण खरे काम आकारच करतो.

येथे एक गणित ध्यानात ठेवावे. रडारचा पल्ला परावर्तनाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे परावर्तन १६ पटींनी घटवले तरी पल्ला फक्त निम्मा होतो. एवढ्या कष्टांचे हे फळ अपुरे वाटेल. मला मात्र ते मोलाचे वाटते, कारण शत्रूला निम्म्या अंतरापर्यंत जवळ यावे लागते आणि तोवर आपल्याला त्याला हेरण्याची संधी मिळते. शिवाय नौकेवरून परतणाऱ्या रडारलहरी क्षीण असल्या, की क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी उडवलेला धातुलेपित तंतूंचा ढग त्याला नौकेपेक्षा ठळक दिसतो.

रडारखेरीज उष्णता आणि आवाजही नौकेचा ठाव देतात. आपल्याकडच्या गुऱ्हाळाचे धुराडे जसे दुरूनही तापलेले जाणवते, तशीच नौकेची चिमणी उष्णता टिपणाऱ्या अवरक्त शोधकाला दिसते, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी धुरात थंड हवा मिसळतात. आवाजासाठी उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात जाऊन यंत्राखालचे रबरी पॅड पाहा. नौकेवरही इंजिने आणि जनित्रे अशाच लवचीक बैठकांवर बसवतात, म्हणजे त्यांची थरथर सांगाड्यातून पाण्यात फारशी उतरत नाही.

भारताची पहिली स्टेल्थ फ्रिगेट ‘शिवालिक’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि २०१० मध्ये नौदलात आली. तेथेच बांधलेली, सुमारे १४९ मीटर लांबीची ‘निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. ब्राह्मोस आणि बराक-८ ही क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या या नौकेच्या बाजू मुद्दाम सपाट व तिरक्या ठेवलेल्या आहेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. उपग्रह, टेहळणी विमाने आणि नौकेमागे उमटणारा पाण्याचा पट्टा यांपासून पूर्ण सुटका नाही, आणि नौकेने स्वतःचे रडार चालू केले की त्या लहरी तिचाच पत्ता सांगतात. म्हणून गरज नसेल तेव्हा ते बंद ठेवणे हाही स्टेल्थचाच भाग आहे. उलट, शांततेच्या काळात कमी दिसणे धोक्याचे ठरू शकते. अमेरिकेच्या सुमारे १८६ मीटर लांबीच्या ‘झुमवॉल्ट’ विनाशिकेची समुद्रचाचणी चालू असताना एका मच्छीमाराच्या रडारवर ती मासेमारी नौकेएवढीच दिसली होती. त्यामुळे धुक्यात आणि वर्दळीत इतर नौकांना ती ओळखता यावी, यासाठी तिच्यावर मुद्दाम रडारलहरी परतवणारे धातूचे परावर्तक चढवून पाहिले गेले.