सेकंडहँड छोटी गाडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट बघितलीय, एमएच-१२ पासिंग, ८२ हजार किलोमीटर, मालक घरातलाच वाटतो. सगळं चांगलंय पण स्पीडब्रेकरवर पुढून खडखड येते आणि स्टेअरिंग वळवताना टक टक. भाऊ म्हणतो सोडून दे. घेऊ का? पहिल्या वर्षी किती खर्च धरू? (वारजे)

उत्तर: आवाजाला घाबरून चांगली गाडी सोडू नका. ही खडखड बहुतेक वेळा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश नाहीतर शॉकअपच्या वरच्या माउंटची असते, आणि पुण्यातल्या रस्त्यांवर दहा-बारा वर्षं चाललेल्या गाडीचे सस्पेन्शनचे हे पार्ट गेलेले नसतील तरच नवल. नाना पेठेत सगळं मिळतं, बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये काम होतं, हे काही हजारांतलं प्रकरण आहे. टक टक मात्र स्टेअरिंग रॅकची आहे का हे गाडी जॅकवर घेऊन बघायला लावा, कारण रॅक महाग जातो. रॅक असेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा, देतात लोक.

मला खरी काळजी वाटते ती आवाज न करणाऱ्या गोष्टींची. बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर समजा काहीतरी लपवायचं होतं (किंवा नुकतेच दूध आणायला गेले असतील, पण मग दुसऱ्या दिवशी परत जा). इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंटचं झाकण उघडायचं, गरम असताना अजिबात नाही. आत हिरवं, लाल, निळं जे असेल ते असू दे, पण तांबूस गंजलेलं पाणी असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय, म्हणजे रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्हींवर संशय घ्या. अशी गाडी एकदा जोरात तापली की हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) जातं, आणि मग हेड उतरवा, फेसिंग करा, बिल कुठल्या कुठे जातं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकट थर दिसला तर पुढे बोलणीच नकोत.

क्लचची परीक्षा कात्रजच्या चढावर. चौथ्या गिअरमध्ये, कमी स्पीडला ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम भसकन वर जातो आणि गाडी आहे तिथेच, तर क्लच प्लेट संपलीय. शहरात हाफ क्लचवर चालवून चालवून ती संपतेच, त्यात मालकाचा दोष नाही, पण खर्च तुमचा आहे. एसी अर्धा तास उभ्या गाडीत चालू ठेवून बघा, कारण विकायच्या आठवड्यात गॅस भरून दिला की पहिल्या दिवशी कोणाचाही एसी थंडगार असतो. गळती डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलला असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आणि टायरवरचा चार आकडी कोड वाचा, ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२वा आठवडा, नक्षी कितीही चांगली दिसली तरी ते रबर आता म्हातारं झालंय.

आता खर्च. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन हे सगळं पहिल्याच वर्षी निघू शकतं असं धरून चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवा, नाही लागले तर उत्तमच. आणि एक गोष्ट लोक विसरतात, २०१३ च्या गाडीची १५ वर्षं २०२८ ला संपतात. मग रिपासिंग (म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण), त्याची सरकारी फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर वेगळा, आणि त्याआधी गाडी तपासणीत पास व्हायला हवी. भाव करताना हे बोला.

प्रश्न: पोलो जीटी टीएसआय ऑटोमॅटिक स्वस्तात मिळतीय. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला जरा झटका देते, डीलर म्हणतो सगळ्याच देतात. (पिंपळे सौदागर)

उत्तर: सगळ्याच देत नाहीत. ही गाडी आपल्या चाकणला बनायची, चालवायला मस्तच, मला स्वतःला फार आवडते, पण तिच्या १.२ लिटर मॉडेलमधला सात स्पीडचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा आहे आणि हिंजवडीसारख्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो, झिजतो. कधी क्लच पॅक, कधी मेकाट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा गिअरबॉक्सचा मेंदू). मेकाट्रॉनिक बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं, म्हणजे आज जे "स्वस्तात" आहे ते तिथेच फिटलं. ही कामं झाल्याची बिलं हातात दिली तर विचार करा, तोंडी सांगितलं तर नको. पोलोच हवी असेल तर मॅन्युअल बघा.

प्रश्न: सिंहगड रोडच्या पुरात बुडालेली गाडी ओळखायची कशी? विकणारा तर बोलणार नाही. (धायरी)

उत्तर: २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यातल्या काही पॉलिश मारून बाजारात आल्या असतील तर आश्चर्य नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या भागात चिखलाचा डाग किंवा कुबट वास येतो का बघा. सीटच्या रेलचे बोल्ट, डिकीतल्या स्टेपनीची खोबण, मॅटखालचं फोम, इथे गंज आणि गाळ राहतोच, तिथपर्यंत कोणी पुसत बसत नाही. इंजिन दुरुस्त होतं हो, वायरिंगचं काही खरं नाही, सहा महिन्यांनी पॉवर विंडो, मग एअरबॅगचा लाइट, मग ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), आणि कुठलाच इलेक्ट्रिशियन ठामपणे सांगत नाही नेमकं काय झालंय. इन्शुरन्सचा क्लेम झाला होता का तेही विचारा. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये असं माझं मत.

प्रश्न: गाडी घेऊन दोन महिने झाले, आरसी एजंटकडे आहे, इन्शुरन्स अजून जुन्या मालकाच्या नावावर. चालतं ना? (कोथरूड)

उत्तर: नाही चालत. आजच एजंटला फोन करा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जमा झाले का, पावती दाखव म्हणा. इन्शुरन्स ट्रान्सफरसाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तोपर्यंत थर्ड पार्टीचं संरक्षण तुमच्याकडे येतं, पण तुमच्याच गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकतो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) त्याच्याबरोबर जातो, तो गाडीला चिकटलेला नसतो, त्यामुळे फरक भरावा लागेल. १००० ते १५०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टीचा दर जून २०२२ पासून ३,४१६ रुपये, १००० सीसीच्या आतल्या गाडीचा २,०९४, वर जीएसटी, म्हणून वॅगनआर घ्यायची असेल तर एक लिटरचं इंजिन की १.२ हे इथेही फरक पाडतं. आरसीवर बँकेचा बोजा राहिलाय का, जुने ई-चलन थकलेत का, हे एम-परिवहनवर बघा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटही लागणार.

प्रश्न: २०११ ची आय-टेन. ई-२० पेट्रोलमुळे इंजिन जाईल का? (हडपसर)

उत्तर: लगेच जाणार नाही. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडेल. जुने रबरी पाइप आणि सील मात्र सर्व्हिसिंगला बघायला सांगा, ओलसर किंवा तडकलेले दिसले की बदला. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आणि तुमची १.१ असेल तर तिला टायमिंग बेल्ट आहे, १.२ च्या कप्पा इंजिनाला चेन. बेल्ट कधी बदललाय याची नोंद नसेल तर ई-२० ची काळजी नंतर करा, बेल्ट आधी.