‘नो कॉस्ट ईएमआय’वर लेझरचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न : मी 29 वर्षांची आहे, नाशिकला खासगी नोकरी करते. हातात 34,000 रुपये पगार येतो. मे महिन्यात माझं लग्न आहे, होणारा नवरा पुण्यात नोकरीला आहे. पीसीओएसमुळे माझ्या हनुवटीवर जाड, काळे केस येतात. रोज घरचे उठायच्या आधी खिडकीशी बसून चिमट्याने काढते, वीस मिनिटं जातात. इथल्या एका क्लिनिकने आम्हा दोघांना लग्नाचं पॅकेज सांगितलंय. माझं फुल बॉडी लेझर 64,000, त्याची मान, पाठ आणि दाढीची कड 25,000, मिळून 89,000 रुपये. मूळ किंमत म्हणे 1,18,000. आठ सिटिंग, मुदत 18 महिने. बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय 7,417 रुपये, प्रोसेसिंग फी 1,999 वेगळी. एकरकमी भरले तर 82,000. मी 2,000 रुपये टोकन दिलंय. बचत 1,10,000 आहे, पण ती लग्नाच्या खर्चासाठी. महिन्याची एसआयपी थांबवून हे पॅकेज घेऊ का? (पत्र इथे थोडक्यात दिलंय. महिन्याच्या खर्चाचा तपशील आणि क्लिनिकचं दरपत्रक मूळ पत्रासोबत आहे.)

उत्तर : पॅकेज घेऊ नका. हनुवटीचं लेझर मात्र जरूर करा, आणि त्यासाठी पैसे खर्च करताना मनात अपराधी वाटून घेऊ नका. क्लिनिकने या दोन गोष्टी एकाच बिलात बांधल्यात, त्या आधी सोडवून घेऊ.

रोज पहाटे वीस मिनिटं आरशासमोर, तेही कुणी बघत नाही ना या धास्तीत, हा त्रास खरा आहे आणि तो कमी करण्यावर पैसे गेले तर ते सत्कारणी लागले असं मी मानते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुली हा खर्च ‘किरकोळ’ किंवा ‘इतर’ या रकान्यात लपवतात. पीसीओएसमध्ये वाढलेले केस हे एका हार्मोनच्या आजाराचं लक्षण आहे, त्यावरचा खर्च उपचाराच्या रकान्यात लिहा. हातापायांचं वॅक्सिंग तुम्ही आतापर्यंत पार्लरमध्ये करत आलात आणि त्याबद्दल पत्रात तक्रारीचा एक शब्दही नाही. होणाऱ्या नवऱ्याच्या पाठीच्या केसांबद्दल तर त्याने स्वतः काही म्हटल्याचंही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे जिथे दुखतंय ती जागा चार बोटांची, आणि विकत घ्यायला निघालोय अख्खं अंग, तेही दोघांचं.

आधी कर्जाचं बघू. एकरकमी भाव 82,000 आणि हप्त्यांचा 89,000, तर मधले 7,000 हे व्याजच आहे, त्याला नाव काहीही द्या. त्यावर प्रोसेसिंग फी 1,999 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटीचे 360 रुपये. एकूण 9,359 रुपये जास्तीचे जातात. 82,000 वर 9,359 म्हणजे साडेअकरा टक्के, असं वरवर दिसतं. पण पूर्ण रक्कम तुमच्याकडे वर्षभर राहत नाही, दर महिन्याला तुम्ही ती फेडत जाता. शिवाय फी आधीच कापली जाते. नीट हिशोब केला तर हा दर महिन्याला पावणेदोन टक्के, वर्षाला सुमारे 21 टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेलं असतं. क्लिनिकच्या समुपदेशक बाईंनी तुम्हाला ‘रोजचे अवघे 244 रुपये’ असं सांगितलं असेल तर त्यात नवल नाही. कर्ज विकताना आकडा दिवसावर आणला की तो लहानच दिसतो.

आणखी एक. हे कर्ज क्लिनिक देत नाही, एखादी फायनान्स कंपनी देते. पैसे पहिल्याच दिवशी थेट क्लिनिकच्या खात्यात जातात आणि हप्ते तुमच्या नावावर राहतात. उद्या शाखा बंद पडली, मशीन बिघडलं, तुमची त्वचा भाजली म्हणून तुम्ही मध्येच थांबलात, तरी हप्ता चालूच. हप्ता चुकवला तर सिबिल स्कोअर तुमचा खाली जातो, क्लिनिकचा नाही. दोन वर्षांनी पुण्यात घरकर्जासाठी दोघं मिळून अर्ज कराल तेव्हा ही नोंद समोर येईल.

तुमच्या महिन्याच्या आकड्यांतही हा हप्ता बसत नाही. घरी 10,000, स्कूटीचा हप्ता 3,200, भिशी 3,000, एसआयपी 2,000 आणि तुमचा स्वतःचा खर्च साधारण 9,800 असं तुम्ही पत्रात लिहिलंय. उरतात 6,000. हप्ता 7,417 चा. म्हणूनच एसआयपी थांबवायचा विचार आलाय. आणि मे महिन्यात तुम्ही नाशिक सोडणार! पुण्यात नवी नोकरी लागेपर्यंत दोन-तीन महिने पगार नसण्याची शक्यता धरायला हवी, आणि नेमके त्याच महिन्यांत हप्ते चालू असतील. दर दीड महिन्याने एक सिटिंग धरली तर लग्नापर्यंत पाच, फार तर सहा होतील. उरलेल्या दोन-तीन सिटिंगसाठी पुण्याहून नाशिकला यायचं का? पॅकेज दुसऱ्या शाखेत चालतं का, हे करारात लिहिलेलं नसेल तर चालत नाही असंच समजा.

‘एकदा खर्च, आयुष्यभराची सुटका’ या वाक्यावर सगळं पॅकेज उभं असतं, म्हणून लेझर काय करतं हे थोडं समजून घ्या. लेझरचा किरण केसातल्या काळ्या रंगाला पकडतो आणि त्या उष्णतेनं केसाचं मूळ निकामी होतं. वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसावरच तो नीट चालतो. सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात. पांढऱ्या केसांवर, फिक्या लवेवर तो जवळजवळ निष्प्रभ. अमेरिकेची औषध आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था एफडीएसुद्धा लेझरला ‘केसांत कायमची घट’ एवढंच म्हणू देते. केस कायमचे काढण्याचं श्रेय ती फक्त इलेक्ट्रोलिसिसला देते, ज्यात एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतात. अंगभर ते करणं अशक्यच, पण लेझरनंतर हनुवटीवर उरलेल्या मोजक्या हट्टी केसांसाठी तो मार्ग लक्षात ठेवा.

पीसीओएसमध्ये शरीर नवे जाड केस तयार करत राहतं. हार्मोन ताब्यात नसतील तर लेझरनंतरही वर्षातून काही वेळा टच-अप लागतोच. शिवाय सावळ्या त्वचेच्या, हार्मोनचा त्रास असलेल्या बायकांच्या गालावरच्या-मानेवरच्या बारीक लवेवर लेझर मारलं तर कधी कधी केस उलट जाड होतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. फुल बॉडी पॅकेजमध्ये बऱ्याचदा ही गालाची लवही धरलेली असते. तिला हात लावू देऊ नका.

आता पैसे वसूल कधी होतात ते पाहा. महिन्यात तीनदा थ्रेडिंग, दर वेळी 120, म्हणजे वर्षाचे 4,320. वॅक्सिंग 900 रुपयांचं, वर्षातून दहा वेळा, 9,000. एकूण 13,320. तुमच्या वाट्याच्या 64,000 ला याने भागलं की पावणेपाच वर्षं येतात आणि क्लिनिक तुम्हाला हाच भागाकार दाखवतं. पण लेझरनंतर खर्च शून्यावर येत नाही. भुवया कोरायला वर्षाला 700 तरी लागतील. क्लिनिकच्याच दरपत्रकात मेंटेनन्स सिटिंग 6,500 ची आहे. वर्षाला एकच घेतली तरी 7,200 झाले. म्हणजे खरी बचत वर्षाला 6,120 रुपयांची, आणि 64,000 वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त. व्याज धरलेलंच नाही. हातापायांचे केस घरी रेझरने काढलेत तर हा भागाकारच निकाली निघतो. दाढी केल्यासारखं केलं की केस जाड येतात ही समजूत खोटी आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला खरखरीत लागतं, एवढंच. बायकांसाठीचा गुलाबी रेझर कधी कधी महाग असतो, पुरुषांचा साधा घेतलात तरी काम तेच होतं.

मी तुमच्या जागी असते तर पैसे असे लावले असते. या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जाऊन रक्ताच्या तपासण्या : टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, 17-ओएचपी, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, उपाशीपोटीची साखर. काही हार्मोन पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी तपासतात, तेवढं विचारून जा. गोळ्या तुम्ही मनाने बंद केल्यात असं लिहिलंय, ते डॉक्टरांना सांगा, आणि मूल कधी हवं आहे तेही. केस कमी करणाऱ्या काही गोळ्या गरोदरपणाच्या आसपास चालत नाहीत, आणि लेझरही त्या काळात सहसा टाळतात. या तपासणीचे पैसे 1,10,000 च्या बचतीतून खुशाल काढा. नंतर फक्त हनुवटी आणि अप्पर लिप. त्याच दरपत्रकात ते 2,200 रुपये एका सिटिंगचे आहेत. लग्नापर्यंत सहा सिटिंग, 13,200 रुपये. दर खेपेला पगारातून द्यायचे, आगाऊ एक पैसाही नाही. तिसऱ्या सिटिंगनंतर फरक दिसला नाही तर थांबण्याची मुभा तुमच्या हातात राहते. पॅकेज घेताना आपण नेमकी तीच विकून टाकतो. काखेतल्या केसांचा त्रास होत असेल तर 1,800 ची सिटिंग एक-दोन महिने सोडून घ्या, महिन्याच्या 6,000 मध्ये तेही बसेल.

पैसे देण्याआधी क्लिनिकला दोन गोष्टी विचाराच. मशीन कोणतं, आणि चालवणार कोण? आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग किंवा डायोड लेझर बरं. आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत मारणारं मशीन, हे लेझर नव्हे, आणि सावळ्या त्वचेवर त्याने भाजण्याची, काळे डाग पडण्याची भीती जास्त. आधी एका छोट्या जागेवर पॅच टेस्ट, आणि त्वचारोगतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर, एवढ्याचा आग्रह धरा. चेहऱ्यावर डाग पडला तर आरोग्यविम्यातून त्याचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका, सौंदर्योपचार पॉलिसीत वगळलेले असतात. दर सांगताना जीएसटी धरून सांगितलाय का, तेही लिहून घ्या.

आता होणाऱ्या नवऱ्याबद्दल थोडं. दाढी केल्यावर मानेवर फोड येतात, केस आत वळून रुततात असं तुम्ही लिहिलंय. त्यावर लेझर खरंच उपयोगी पडतं, आणि पुरुषांनी त्यासाठी जाण्यात कमीपणा काही नाही. पण ते त्याने पुण्यात, त्याच्या पगारातून, मानेपुरतं करावं. दाढीची कड लेझरने आखून घेऊ नये. आज आवडणारा आकार चाळिशीत आवडेलच असं नाही, आणि तिथले केस मग मागून पूर्वीसारखे परत येतीलच असं नाही. पाठीचं त्याचं त्याला ठरवू द्या. पीसीओएसबद्दल त्याच्याशी बोलला नसाल तर लग्नाआधी बोला. दोघांचा वैद्यकीय खर्च पुढे एकाच घरातून जाणार आहे.

टोकनचे 2,000 गेले तर गेले, असं मनाशी ठरवून मगच क्लिनिकला फोन करा. ते वाचवायला 89,000 वर सही करायची नाही. पहिल्या सिटिंगमध्ये ते वळते करून द्या, असं ईमेलवर मागा. नकार आला आणि पावतीवर ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलेलं नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कर्जाच्या ॲपवर आधार, पॅन देऊन झालं असेल तर आजच उघडून पाहा. कर्ज मंजूर झालं असलं तरी डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद मागा, त्यात वर्षाचा खरा दर छापलेला असतो.

एसआयपी चालू राहू द्या. भिशीचे 36,000 मार्चमध्ये हातात येतील तेव्हा ते पुण्याच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवा, दागिन्यांत किंवा क्लिनिकमध्ये नको. आणि लेझरचं ठरलं की पहिल्या सिटिंगच्या महिनाभर आधीपासून हनुवटीला चिमटा, दोरा, वॅक्स काहीच लावायचं नाही, फक्त रेझर. मुळासकट उपटलेला केस लेझरला सापडत नाही. शेवटची सिटिंग एप्रिलच्या मध्यापर्यंत उरका. नंतर ऊन कडक होतं, आणि हळदीच्या दिवशी त्वचा लालसर, हुळहुळी नको.