राष्ट्रपती भवन आतून पाहायचं तर

प्रश्न : डिसेंबरात सहकुटुंब दिल्लीला जाणार आहोत. राष्ट्रपती भवन आतून पाहता येतं का? खासदारांचं पत्र लागतं का? आणि तिथली मुघल गार्डन तेव्हा उघडी असते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पत्र नको, ओळखपाळखही नको. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर भेटीची नोंदणी करा. मुख्य इमारतीसाठी माणशी ५० रुपये पडतात, ८ वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. सोमवारी आणि राजपत्रित सुट्ट्यांना भवन बंद असतं. शनिवार-रविवार लवकर भरतात, म्हणून मधला वार धरा.

नोंदणी पक्की झाली तरी ही भेट मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. तिथं रोजचं कामकाज चालतं. परदेशी पाहुणे आले किंवा एखादा समारंभ ठरला, की भेटी रद्द होऊ शकतात. सुरुवातीचा दिवस धरलात तर पुन्हा प्रयत्न करायला जागा राहते.

दारातून परत फिरायची वेळ येते ती बहुधा ओळखपत्रामुळे. झेरॉक्सवर भागत नाही. नोंदणीत दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात घ्या. दुसरा घोळ गेटचा. रिक्षावाल्याला नुसतं ‘राष्ट्रपती भवन’ सांगू नका, पासवर छापलेला गेट क्रमांक सांगा, कारण इमारत, संग्रहालय आणि बाग यांची दारं एकच असतील असं नाही. जवळचं मेट्रो स्थानक केंद्रीय सचिवालय. तपासणीला वेळ जातो, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचा. मोठ्या बॅगा मुक्कामीच ठेवा.

आत फोटो काढू देत नाहीत. ते एका अर्थी बरंच, कारण इथं मान वर करून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. गणतंत्र मंडप म्हणजे जुना दरबार हॉल. तिथं गुप्तकाळातली, पाचव्या शतकातली बुद्धमूर्ती आहे. अशोक मंडपात छत आणि जमीन दोन्ही पाहा. छतावर चामड्यावर रंगवलेला इराणच्या फतेह अली शाहाच्या शिकारीचा देखावा आहे, आणि पायाखालची जमीन लाकडी, खाली स्प्रिंग बसवलेली. ही खोली मुळात नाचगाण्यासाठी बांधली होती. बाहेर खांबांच्या माथ्यावर, कोपऱ्यांना, दगडात कोरलेल्या घंटा दिसतील. देवळातल्या घंटेचा हा आकार इमारतीचा वास्तुकार असलेल्या ल्युटेन्सनं इथं मुद्दाम घेतला. घुमटाभोवतीचा दगडी कठडा सांचीच्या स्तूपावरून घेतलेला आहे.

एक गोष्ट फुकट पाहता येते, ती चुकवू नका. कर्तव्य पथावरून विजय चौकाकडे चालत या. चढ जवळ येतो तशी इमारत खाली बुडत जाते आणि नुसता घुमट उरतो. रस्त्याच्या या चढावरून ल्युटेन्स आणि बेकर या दोन वास्तुकारांचं चांगलंच वाजलं होतं.

बागेचं नाव २०२३पासून अमृत उद्यान आहे. वसंतातला तिचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्चात असतो, तेव्हा डिसेंबरात ती धरून चालू नका. मुलांना घेऊन जाताय, तर त्याऐवजी शनिवारचा पहारा बदलण्याचा सोहळा पाहा. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते.