निर्दोष सुटलो, पण बातमी सुटत नाही

प्रश्न: मी एका पतसंस्थेत रोखपाल होतो. २०१२ मध्ये अफरातफरीच्या तक्रारीवरून मला अटक झाली. एका दैनिकात नाव, वय, पत्त्यासह बातमी आली. शीर्षक होतं, ‘पतसंस्थेला गंडा घालणारा रोखपाल गजाआड’. २०१९ मध्ये केस क्लोज झाली, मी सुटलो. त्याची एक ओळही कुठं छापून आली नाही. आता मी निवृत्त आहे. गेल्या महिन्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवपदी माझी निवड झाली आणि दुसऱ्याच दिवशी एका सभासदानं ती जुनी बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘चाव्या कुणाच्या हातात दिल्यात बघा.’ गुगलवर माझं नाव टाकलं की पहिली तीच बातमी येते. ती काढून टाकता येईल का? ‘राइट टू बी फरगॉटन’चा कायदा झालाय असं ऐकलं. दैनिकावर, त्या सभासदावर आणि ग्रुप ॲडमिनवर अब्रुनुकसानीचा दावा लावता येईल का? की सरळ राजीनामा देऊन मोकळा होऊ?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले: ‘केस क्लोज झाली, मी सुटलो.’ बोलताना सगळेच असं म्हणतात, पण पुढचं सगळं या वाक्यावर अवलंबून आहे. पोलिसांनीच तपासाअंती ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली असेल, तर ते एक. न्यायालयानं आरोप निश्चित करण्याआधीच सोडलं असेल, तर तुम्ही ‘दोषमुक्त’. साक्षीपुरावे होऊन सुटला असाल, तर ‘निर्दोष मुक्त’. आणि तक्रारदाराशी तडजोड होऊन उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला असेल, तर ती गोष्ट आणखी वेगळी. सात वर्षं प्रकरण चाललं, म्हणजे बहुधा खटला पूर्ण होऊन निर्दोष मुक्तता झाली असावी. तसं धरूनच पुढचं लिहिते. पण निकालाची प्रमाणित प्रत तुमच्याजवळ नसेल तर आधी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज टाका, आणि सरकारनं किंवा पतसंस्थेनं वर अपील केलं होतं का, तेही तुमच्या जुन्या वकिलांकडून तपासून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांजवळ अटकेच्या बातमीचं कात्रण असतं, सुटकेच्या निकालाची प्रत नसते. जपून ठेवायचा कागद आपण हरवतो आणि विसरायचा तो जपतो.

आता दैनिकाचं. तुम्हाला अटक झाली ही गोष्ट खरी होती, त्यामुळे बातमीच्या मजकुराविरुद्ध तुमच्या हाती फारसं काही नव्हतं. शीर्षकाविरुद्ध मात्र होतं. ‘अपहाराच्या संशयावरून रोखपालाला अटक’ ही बातमी झाली. ‘गंडा घालणारा रोखपाल’ हा निकाल झाला, आणि तोही खटल्याचा निकाल लागण्याच्या सात वर्षं आधी. आपल्या गुन्हेवृत्ताची एक ठरलेली बोली आहे: मुसक्या आवळल्या, पर्दाफाश, गजाआड, आणि कंसात ‘वय ४६, रा. अमुक’. या कंसातून संपादकाला काय मिळतं हे मला आजवर कळलेलं नाही. आरोपीच्या घरच्यांना मात्र त्यातून काय मिळतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. असो.

पण ती संधी गेली. छापील बदनामीबद्दल दिवाणी दावा लावायला मुदत कायद्यानुसार प्रसिद्धीपासून एक वर्ष मिळतं, फौजदारी तक्रारीला तीन वर्षं. तुमच्या बाबतीत या मुदती २०१३ आणि २०१५ मध्येच संपल्या. ‘बातमी अजून इंटरनेटवर आहे, म्हणजे रोज नव्यानं बदनामी होते’ हा युक्तिवाद तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. दिल्ली उच्च न्यायालयानं तो २०१३ मध्येच नाकारला; पहिल्यांदा प्रसिद्ध झालं त्या दिवसापासून मुदत मोजायची, पान तिथंच पडून राहिलं म्हणून घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. प्रेस कौन्सिलकडे दैनिकाविरुद्धच्या तक्रारीला तर दोनच महिने असतात. अध्यक्ष विलंब माफ करू शकतात, पण इतका जुना विलंब माफ होईल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. कौन्सिलला दंड करण्याचा अधिकारही नाही, फार तर कानउघाडणी.

‘विसरले जाण्याचा हक्क’ हा शब्द मुळातच मजेशीर आहे: हक्क एकाचा आणि विसरायचं दुसऱ्यानं. तो गाजला २०१४ मध्ये. मारिओ कोस्तेखा गोन्सालेस या स्पॅनिश गृहस्थांच्या नावानं गुगलवर शोधलं की १९९८ च्या वर्तमानपत्रातली, त्यांच्या थकीत देण्यापोटी मालमत्तेच्या लिलावाची जाहीर सूचना येत असे. युरोपीय न्यायालयानं सांगितलं की वर्तमानपत्रातला मजकूर राहू दे, पण नावाच्या शोधात ती जोडणी दाखवू नका. गोन्सालेस जिंकले आणि त्या थकबाकीसाठीच जगभर प्रसिद्ध झाले. विसरले जाण्यासाठी भांडलेला हा माणूस आता कायद्याच्या पुस्तकांतून कधीच पुसला जाणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं पुन्हा लागेल.

आपल्याकडे असा वेगळा कायदा झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि त्यातल्या एका निकालपत्रात विसरले जाण्याच्या हक्काचीही चर्चा आहे. पण सोबत मर्यादाही सांगितल्या आहेत: लोकांचा माहितीचा हक्क, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, वगैरे. तुम्ही ऐकलं असेल ते बहुधा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याबद्दल. त्यात माहिती पुसायला लावण्याचा हक्क आहे खरा, पण तो मुख्यतः जी माहिती तुम्ही संमतीनं दिली तिच्यापुरता. दैनिकानं काही तुमची संमती घेतली नव्हती. शिवाय या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतात. तुमच्या दुखण्यावर हे औषध नाही.

उरली उच्च न्यायालयं, आणि त्यांचं एकमत नाही. अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या भारतीय वंशाच्या एका अमेरिकी नागरिकाला नोकरी मिळेना, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या सुटकेचा निकाल सर्च इंजिनांत दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी त्याच वर्षी तशीच मागणी फेटाळली; २०२४ मध्ये तिथल्याच खंडपीठानं ती मान्य केली; आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. न्यायालयं का बिचकतात हे मला समजतं. हा दरवाजा सताड उघडला तर रांगेत तुमच्यासारखा निवृत्त रोखपाल पहिला उभा राहणार नाही. पहिले येतील ते ज्यांच्याविरुद्धच्या बातम्या मतदारानं वाचायला हव्यात, आणि त्यांचे वकील माझ्याहून महागडे असतील. सार्वजनिक अभिलेखावर आधारलेला मजकूर खासगीपणाच्या नावाखाली अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच म्हटलंय, आणि वर्तमानपत्रांना हे संरक्षण असावं असं मलाही वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा: बातमी पुसा असं म्हणू नका. बातमी पूर्ण करा असं म्हणा. २०१२ मध्ये ती खरी होती, २०१९ नंतर ती अर्धी राहिली. पुसायला नकार देताना संपादकाला वृत्तस्वातंत्र्याचा आधार घेता येतो. निकाल जोडायला नकार देताना तो कशाचा आधार घेणार? पत्र साधंच लिहा:

‘आपल्या दैनिकात अमुक तारखेस प्रसिद्ध झालेल्या वृत्तातील खटल्यात सक्षम न्यायालयाने अमुक तारखेस माझी निर्दोष मुक्तता केली असून तो निकाल अंतिम झाला आहे. प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. वरील मजकूर आपल्या संकेतस्थळावरील मूळ वृत्तात शीर्षकाखाली ठळकपणे समाविष्ट करावा, शीर्षकात योग्य तो बदल करावा आणि सदर पान माझ्या नावाने सर्च इंजिनात दिसू नये अशी तांत्रिक व्यवस्था करावी.’

शेवटची मागणी कुणाला अवघड वाटेल, पण ती अगदी किरकोळ आहे. पानाला ‘नोइंडेक्स’ अशी खूण लावली की बातमी दैनिकाच्या संग्रहात राहते, फक्त सर्च इंजिन ती उचलत नाही. पत्र स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं, दोन्हीकडून पाठवा. पानावर बदल झाला तरी गुगल काही काळ जुनंच शीर्षक दाखवत राहील. कालबाह्य मजकूर ताजा करण्याची विनंती करायला गुगलचं वेगळं पान आहे, तिथं ती टाका. बातमी काढा असा अर्ज थेट गुगलकडेही करता येतो. पण न्यायालयाचा आदेश आणा असं उत्तर आलं तर रागावू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर गुगलसारख्या मध्यस्थ कंपन्यांना तसं म्हणता येतं.

संपादकानं दादच दिली नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथं गोन्सालेस आठवायचे. याचिकेत तुमचं नाव गेलं की ते न्यायालयाच्या रोजच्या यादीत आणि मग आदेशात येणार, आणि बातमी एकाची दोन होणार. त्यामुळे नावाऐवजी आद्याक्षरं वापरण्याची परवानगी हीच पहिली मागणी असली पाहिजे. वकील हे विसरले तर त्यांना आठवण करा.

आता त्या सभासदाकडे वळू. इथं मात्र तुमची बाजू भक्कम आहे. जुनी बातमी पुन्हा पसरवणं ही नवी प्रसिद्धी असते, तिची मुदत गेल्या महिन्यापासून मोजायची. ‘मी फक्त छापलेलंच फॉरवर्ड केलं’ हा बचाव होत नाही. आणि त्यानं नुसती बातमी टाकलेली नाही, ‘चाव्या’वालं वाक्य त्याचं स्वतःचं आहे, त्याचा अर्थ न कळणारा माणूस त्या ग्रुपवर नसेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली ही बदनामी ठरू शकते. साधी कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. तो म्हणेल, संस्थेचे पैसे हाताळणाऱ्याचा पूर्वेतिहास सभासदांना सांगणं लोकहिताचं आहे. हा बचाव अगदीच पोकळ नाही. सचिवपद लहान असलं तरी सार्वजनिक आहे आणि प्रश्न विचारायचा अधिकार सभासदांना आहे. सगळं अडेल ते एकाच ठिकाणी: तुम्ही सुटलात हे त्याला ठाऊक होतं का? आज ते सिद्ध करणं अवघड जाईल. म्हणून नोटीस आधी पाठवा, निकालाची प्रत जोडून. त्यानंतरही त्यानं पोस्ट ठेवली किंवा पुन्हा टाकली, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरणार नाही.

पोलीस ठाण्यात हेलपाटे घालू नका. हा अदखलपात्र गुन्हा आहे, तक्रार थेट दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते. नव्या प्रक्रियेत दखल घेण्याआधी समोरच्याचंही म्हणणं ऐकतात, म्हणजे वेळ लागणार. तोवर ग्रुप सोडू नका, चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. नुसत्या स्क्रीनशॉटला न्यायालयात किंमत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं आणि ते अनिवार्य आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये निःसंदिग्ध सांगितलं, तेही महाराष्ट्रातल्याच एका आमदाराच्या निवडणूक वादात.

ॲडमिनला सोडून द्या. सभासदानं काय टाकलं त्याची जबाबदारी ॲडमिनवर आपोआप येत नाही, दोघांचा संगनमतानं हेतू दिसला पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये ठरवलंय. शिवाय तो ॲडमिन उद्या तुमचा साक्षीदार होऊ शकतो.

राजीनाम्याबद्दल विचारलंत. कायद्यानं तुम्हाला तो द्यायला कुणी भाग पाडू शकत नाही. तुम्ही आज दिलात तर तो लोक ‘बातमी खरी असणार’ असा वाचतील, नोटिशीला उत्तर देणारा वकील तर नक्कीच. त्यापेक्षा ग्रुपवर एकदाच लिहा: २०१२ मध्ये आरोप झाला, २०१९ मध्ये न्यायालयानं निर्दोष सोडलं, निकालाची प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे, ज्याला वाचायची त्यानं वाचावी. त्यावर येणाऱ्या अंगठ्यांना आणि टोमण्यांना उत्तर देऊ नका. रात्री अकरानंतर तर मुळीच नाही. माझ्याकडची निम्मी अब्रुनुकसानीची प्रकरणं त्या वेळातलीच आहेत.

प्रत हातात आली की तिचं शेवटचं पान आधी वाचा. तिथं ‘पुराव्याअभावी’ किंवा ‘संशयाचा फायदा देऊन’ असे शब्द असतील तर घाबरू नका. फौजदारी संहितेत निर्दोष मुक्ततेचे असे दर्जे नाहीत. ‘सन्मानपूर्वक’ सुटका हा शब्द न्यायालयं वापरतात तो मुख्यतः सरकारी नोकरीच्या संदर्भात. मात्र संपादकाचा वकील त्याच शब्दांवर बोट ठेवेल, आणि वर दिलेल्या पत्रातलं एक वाक्य त्याप्रमाणे बदलावं लागेल. तेव्हा पत्र पाठवण्याआधी त्या पानाचा फोटो मला पाठवा.