छत सोसायटीचं, पॅनल कंपनीचे. मग गळती कोणाची?

प्रश्न : नाशिकमध्ये आमची ४८ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. २०१९ मध्ये तेव्हाच्या कमिटीने एका सोलर कंपनीशी २५ वर्षांचा वीज खरेदी करार केला. ३० किलोवॅटची यंत्रणा कंपनीने स्वखर्चाने दोन्ही इमारतींच्या गच्चीवर बसवली. मालकी कंपनीची, आम्ही तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटचे पैसे देतो. सुरुवातीचा दर ४ रुपये ७५ पैसे, दरवर्षी ३ टक्के वाढ. गेले दोन पावसाळे वरच्या मजल्यावरचे चार फ्लॅट गळताहेत. वॉटरप्रूफिंगसाठी पॅनल ४० दिवस काढा म्हटलं, तर कंपनी २ लाख १० हजार मागते : उतरवण्या-चढवण्याचे १ लाख ४५ हजार आणि बंद काळाचे ६५ हजार. करारच संपवतो म्हटलं, तर १८ लाख ६० हजारांचा ‘बायआउट’. काही सभासद म्हणतात, बिल थांबवा, इन्व्हर्टर बंद करा. तेव्हा सर्वसाधारण सभेचा ठरावच नव्हता, म्हणजे करार मुळातच रद्द. करार संपवून सरकारी अनुदानावर स्वतःची यंत्रणा बसवावी का? कराराची प्रत सोबत जोडली आहे. (एक सचिव)

उत्तर : सचिव महोदय, कराराची प्रत पाठवलीत हे फार बरं केलंत. अशा प्रकरणांत बहुतेक लोक कंपनीची ई-मेल पाठवतात आणि करार कपाटातच राहतो. तुमचं उत्तर मात्र त्या करारातच आहे.

आधी एक काम करा. कंपनीला जी नोटीस पाठवायचं चाललंय, तिच्यातून ‘आम्ही करार संपुष्टात आणत आहोत’ हे वाक्य काढून टाका. कारण सांगतो. तुमच्या करारात संपुष्टात आणण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक, ग्राहकाने स्वतःच्या मर्जीने बाहेर पडणं. त्यासाठी परिशिष्टातल्या तक्त्यात वर्षागणिक रक्कम ठरलेली आहे. दुसरी, कंपनीने करारभंग केला, लेखी कळवूनही ६० दिवसांत दुरुस्त केला नाही, म्हणून ग्राहकाने करार संपवणं. पहिल्या वाटेने गेलात तर १८ लाख ६० हजार ही तुम्ही आधीच कबूल केलेली किंमत ठरते आणि तिच्याशी भांडायला जागा फारशी उरत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते; सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात ते पुन्हा स्पष्ट केलं. पण ते कलम करारभंगासाठी आहे. स्वतःहून निवडलेल्या पर्यायाच्या किमतीला ते सहजासहजी लागू होत नाही. म्हणजे नोटिशीतल्या एका वाक्यावर तुम्ही कोणत्या दारातून बाहेर पडलात हे ठरणार आहे.

तुमचं खरं दुखणं करार नाही, गळती आहे. तेव्हा नोटीस गळतीची द्या.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एक गोष्ट ठळक दिसते. स्ट्रक्चरचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे नाहीत. ब्रिकबॅट कोब्याला (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थराला) भोकं पाडून अँकर बोल्ट थेट स्लॅबमध्ये घातलेत आणि बोल्टांच्या भोवती कोबा तडकलाय. करारात मात्र कंपनीने लिहून दिलंय की छताच्या वॉटरप्रूफिंगला बाधा येणार नाही अशा रीतीने उभारणी करू आणि आमच्या कामामुळे छताचं नुकसान झालं तर स्वखर्चाने दुरुस्त करू. हे कलम तुमच्या हातातलं सगळ्यात भक्कम हत्यार आहे. फक्त ‘आमच्या कामामुळे’ हे शब्द सिद्ध करावे लागतील. कंपनी म्हणणारच, कोबा जुना होता, इमारतच जुनी आहे. म्हणून डागडुजीला हात लावण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या, कंपनीला लेखी कळवून तिच्या माणसाला हजर राहायला सांगा, आणि पॉन्डिंग टेस्ट करा : बोल्ट असलेल्या भागात पाणी साठवून आणि बोल्ट नसलेल्या भागात वेगळं साठवून. पाणी फक्त पहिल्याच भागाखाली झिरपलं तर वाद जवळपास तिथेच मिटतो. दोन्हीकडे झिरपलं तर खर्च वाटून घेण्याच्या तयारीत राहा.

आता ६५ हजारांचा हिशेब. बंद काळात ‘तयार झाली असती’ अशी वीज मोजून तिचे पैसे घेण्याचं कलम अशा बहुतेक करारांत असतं आणि ते बेकायदा नाही. पण आकडे जुळायला हवेत. सातव्या वर्षी तुमचा दर ५ रुपये ६७ पैसे होतो. त्या दराने ४० दिवसांचे ६५ हजार म्हणजे रोजची सुमारे २८६ युनिट, एका किलोवॅटमागे साडेनऊ. असं ऊन नाशिकला पडत नाही! आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, कडक उन्हाळ्यात थोडी जास्त. म्हणजे तुमच्या यंत्रणेची रोजची १२० ते १३५ युनिट. शिवाय छताच्या दुरुस्तीसाठी वर्षाला १५ दिवस विनामोबदला बंद ठेवण्याची मुभा तुमच्याच करारात आहे, ती कंपनीच्या ई-मेलमधून सोयीस्कर गळली आहे. उरले २५ दिवस. त्यांचे होतात १७ ते १९ हजार. तेही गळती कंपनीच्या कामामुळे नाही असं ठरलं तरच. स्वतःच्या चुकीने उद्भवलेल्या बंदचे पैसे कंपनीला मागता येणार नाहीत. आणि दोन इमारती आहेत तर आधी एकीची गच्ची करा, मग दुसरीची. निम्मी यंत्रणा चालू राहील आणि हा आकडा आणखी खाली येईल. उतरवण्या-चढवण्याच्या १ लाख ४५ हजारांसाठी तपशीलवार कोटेशन मागा आणि बाहेरच्या एखाद्या इन्स्टॉलरकडून तुलनेला दुसरं घ्या.

बिल थांबवायचं की नाही? थांबवू नका. वीज वापरली जातेय, बिल थकवलं की करारभंग तुमचा होतो आणि कंपनी त्याच तक्त्यातली रक्कम घेऊन दारात उभी राहील. पैसे भरा, पण प्रत्येक वेळी ‘आमचे हक्क राखून’ असं लेखी कळवा. इन्व्हर्टर बंद करणं, केबल सोडवणं, पॅनल स्वतः उतरवणं हे तर अजिबात नको. माल कंपनीचा आहे, पोलीस तक्रार ओढवून घ्याल. शिवाय इन्व्हर्टर बंद असला तरी दिवसा पॅनलपासूनच्या डीसी वायरींत विजेचा दाब असतोच. सोसायटीच्या वायरमनला तिथे चढवू नका.

ठरावाचा मुद्दा सभासदांना फार आवडलेला दिसतो. मला तो कमकुवत वाटतो. २५ वर्षं गच्ची देण्याचा निर्णय कमिटीने सर्वसाधारण सभेपुढे न्यायला हवा होता, यात शंका नाही. पण त्यानंतर संस्थेने सहा वर्षं वीज वापरली, बिलं भरली, ती दरवर्षी हिशेबात दाखवली आणि वार्षिक सभांनी ते हिशेब मंजूर केले. अधिकार नसताना केलेल्या कृतीला नंतर मान्यता देता येते आणि ती वागण्यातूनही दिसू शकते, असं करार कायद्याची कलमं १९६ व १९७ सांगतात. जुन्या कमिटीवर राग असेल तर तो घरातला विषय आहे. कंपनीपुढे तो ढाल म्हणून धरू नका. तीच गोष्ट करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर केल्याची. मुद्रांक कमी भरला असेल तर तो दंडासह भरून घेता येतो. त्यामुळे लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचाकडे नेण्याचं, कलम शून्यवत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय.

कंपनी दुसरीकडून एक कलम पुढे करेल, त्याची तयारी ठेवा. सुखाधिकार कायद्याच्या कलम ६० नुसार परवानगीवर विसंबून एखाद्याने खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल तर ती परवानगी मागे घेता येत नाही. पण तुमच्याच करारात कंपनीने लिहिलंय की ही यंत्रणा सुटी, हलवता येण्याजोगी आहे आणि मुदत संपल्यावर ती काढून नेण्याचा हक्क तिचा आहे. एकाच यंत्रणेला गरजेनुसार कायम आणि सुटी म्हणता येत नाही.

दाद कुठे मागायची? महावितरणच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊ नका. तिथे वितरण परवानाधारकाविरुद्धची तक्रार चालते. ही कंपनी परवानाधारक नाही, आणि असण्याची गरजही नाही, कारण वीज कायदा २००३ च्या कलम १० नुसार निर्मिती करणारी कंपनी थेट ग्राहकाला वीज विकू शकते. वीज नियामक आयोगही हा वाद ऐकणार नाही. कलम ८६ खाली त्याच्याकडे परवानाधारक आणि निर्मिती कंपनी यांच्यातले वाद जातात. तुमच्यापुढे दोन दारं आहेत. पहिलं लवाद. करारात ‘कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील तो एकमेव लवाद’ असं लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही. दोघांनी मिळून नाव ठरवा, नाहीतर उच्च न्यायालय नेमेल. पावसाळा तोंडावर आला आणि कंपनी पॅनल हलवेना, तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली जिल्हा पातळीवरच्या न्यायालयातून दुरुस्तीपुरता अंतरिम आदेश मागता येतो. मिळाल्यावर ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. दुसरं दार ग्राहक आयोगाचं. ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘व्यक्ती’मध्ये सहकारी संस्था येते आणि लवादाचं कलम असलं तरी आयोगाकडे जाता येतं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठीची वीज व्यापारी हेतूची नाही, हेही तुमच्या बाजूचं आहे. गळतीच्या खर्चासाठी मी हे दुसरं दार निवडेन. ते स्वस्त पडतं.

वरच्या चार सभासदांना मात्र यातलं काही ऐकवू नका. पावसाचं पाणी गच्चीतून झिरपून त्यांच्या छताचं, प्लॅस्टरचं जे नुकसान होतं त्याची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेच्या खर्चाने करायची असते. कंपनीशी भांडण चालू आहे हे त्यांना द्यायचं उत्तर नाही. संस्थेने दुरुस्त करावं आणि पैसे कंपनीकडून वसूल करावेत.

राहिला अनुदानाचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्य घर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या यंत्रणेसाठी किलोवॅटला १८ हजार रुपये मिळतात. ते नव्या यंत्रणेला. कंपनीचे २०१९ चे पॅनल विकत घेतले तर त्यांवर नाही. नवी यंत्रणा घ्यायची तर मंजूर भाराची (वीजजोडणीला मंजूर असलेल्या क्षमतेची) मर्यादा आड येते. जुनी ३० किलोवॅट जागेवर असताना दुसरीला वाव थोडा. आणि किमतीकडे बघा. त्याच योजनेत घरगुती यंत्रणेच्या तिसऱ्या किलोवॅटसाठी केंद्राने धरलेली किंमत ४५ हजार आहे. त्या भावाने कोरी ३० किलोवॅटची यंत्रणा साडेतेरा लाखांत बसते. कंपनी सहा वर्षं वापरलेलीचे १८ लाख ६० हजार मागते. ती म्हणेल, ही पॅनलची किंमत नाही, उरलेल्या वर्षांचं बुडालेलं उत्पन्न आहे. करारभंगाच्या वाटेने गेलात तर ते नुकसान तिला सिद्ध करावं लागेल, आणि तेच पॅनल दुसऱ्या छतावर लावून नुकसान कमी का केलं नाही हेही सांगावं लागेल.

तोवर वाटाघाट करा. कंपनीलाही तुमचं मासिक बिल हवं आहे. एक पुरवणी करार सुचवा : पॅनल काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पुन्हा बसवायचे, स्लॅबला भोक नाही, वॉटरप्रूफिंगची हमी पाच वर्षं, बंद काळाचे पैसे नाहीत, त्याऐवजी तेवढे दिवस मुदतीच्या शेवटी वाढवून द्यायचे. एकविसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातले २५ दिवस आज देऊन टाकायला तुमचं काही जात नाही. मसुदा सही करण्याआधी सर्वसाधारण सभेपुढे ठेवा, आणि या वेळी ठराव इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांच्या नावांसह लिहून घ्या.